चिंध्यांच्या कोपऱ्याची तजवीज

मी खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वयाने सत्तरीच्या पुढचा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आहे. सुईत दोरा आता पहिल्या झटक्यात जात नाही, पण कायद्याला त्याचं काही नसतं, असं वकील म्हणतात.

कलम १. राहतं घर मुलाला आणि मुलीला निम्मं-निम्मं. मुलगा हिशेबनीस आहे, मुलगी बालवर्गाची शिक्षिका. मध्ये भिंत घालू नये. घालायचीच झाली तर तिला दार ठेवावं.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरलेलं दोघांनी वाटून घ्यावं. भांडण्याइतकं ते नाही.

कलम ३. शिलाई मशीन माझ्या कारागिराला. पायडल कुरकुरतं. त्याला शिव्या देऊ नयेत, तेल द्यावं.

कलम ४. दुकानात खिडकीखाली पाय कापून बुटकं केलेलं एक टेबल आहे. संध्याकाळी गल्लीतली पोरं तिथे बसतात. नियम एकच: माझ्या कामाच्या टेबलावरून जे खाली पडेल ते पोरांचं. चिंध्या, रिकामी रिळं, अस्तराचे तुकडे, सगळं. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि "हे काय केलंस?" असं मोठ्यांनी विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर पोरं आपणहून सांगतात, आणि मग थांबत नाहीत.

या नियमापायी एक वैर पदरात पडलं. मुलगी लहान असताना इथल्या शाळेच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांची नवी कोरी पँट टेबलावरून घसरली. मी कॉलर बसवत होतो. मान वर करेपर्यंत मुलीने पँटीचा एक पाय कापून त्याची हत्तीची सोंड केली होती. इस्त्रीची घडी असलेली सोंड दुसऱ्या कुठल्या हत्तीला नसेल. मुख्याध्यापक त्या संध्याकाळच्या समारंभाला जुन्याच पँटीत गेले. मी पदरचं कापड घालून दुसरी शिवून दिली. "पोरीला माझ्यासमोर रागवा," असं ते म्हणाले, ते मात्र मी केलं नाही. तेव्हापासून ते दुसरीकडे कपडे शिवून घेतात, आणि ते त्यांच्या अंगावर कसे बसतात हे सारी गल्ली बघते.

सबब, मुख्याध्यापकांना बुटक्या टेबलाशी एक संध्याकाळ बसण्याचा हक्क देत आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून उशी द्यावी. काय करताय, असं त्यांनाही कोणी विचारू नये.

कलम ५. आता दुकान. ते भाड्याने देऊन टाकावं, असं मुलाचं म्हणणं आहे. मोबाइलवाला तयार बसला आहे. गेल्या वर्षी मीही हो म्हटलं असतं. पण मुलाची मुलगी, आमची पिटुकली, पहिलीत गेली आणि तिने हिरवा ढग काढला. शाळेने त्यावर लाल फुली मारली. घरी तिच्या बापाने, तिच्या भल्यासाठीच, शेजारी पांढरा ढग काढून दाखवला. आता ती माझ्याकडे येते, चिंधी घेते, कात्री उघडते आणि तशीच हवेत धरून विचारते, "आजोबा, बरोबर आहे ना?" मी म्हणतो, काप. ती पुन्हा विचारते, आणि शेवटी न कापताच कात्री खाली ठेवते. माझं काळीज तुटतं. एवढ्याशा जिवाला चुकण्याची एवढी धास्ती कशाला हवी?

मुलाशी बोललो. तो म्हणाला, "बाबा, परीक्षेत हिरव्या ढगाला मार्क कोण देणार?"

त्याचंही खोटं नाही. मी म्हणालो, "परीक्षेत काढू दे पांढरा. इथे तरी तिच्या मनासारखा काढू दे."

त्याने मान डोलावली. हिशेबनिसाने मान डोलावली म्हणजे पटलं असं नव्हे, आकडेमोड चालू असते.

म्हणून दुकान मुलीच्या नावे करत आहे. तिच्या वर्गात मुलं झाडं हवी त्या रंगाची काढतात आणि त्यापायी तिने वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत. दिवसा तिने दुकान खुशाल भाड्याने द्यावं आणि भाडं भावाला द्यावं. दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत मात्र ते पोरांचं. मोबाइलवाल्याने त्या वेळी काउंटरखाली काही ठेवू नये, ठेवल्यास माझी जबाबदारी नाही. मुलाला याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर त्याने आधी एक हिरवा ढग काढून न्यायाधीशांना दाखवावा. मला वाटतं, काढता काढता त्याचा राग जाईल. लहानपणी तो फार छान ढग काढायचा.

वरील मजकूर मी चष्मा लावून वाचला. तो माझ्या मनासारखा उतरला आहे.

ठिकाण: दुकान, खिडकीजवळ.
तारीख: शाळेला सुट्टी असलेला शनिवार.
सही: टेलरमास्तर

साक्षीदार:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई
२. समोरचे बटण-दोरेवाले

साक्षीदारांची नोंद: या कागदाचा खालचा उजवा कोपरा जागेवर नाही. सह्यांची शाई वाळत असताना मास्तरांच्या नातीने तो कात्रीने कापून घेतला. आम्ही दोघे समोर होतो. कापण्याआधी तिने कोणालाही काही विचारलं नाही. नवीन कागद करू या, असं आम्ही सुचवलं. मास्तर डोळे पुसत म्हणाले, हाच राहू द्या.