दोन टेबलांमधली नळी

ता. ४

ती. आईस,
शि. सा. न.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. छकुलीच्या हृदयातलं भोक शिवायला नऊ तारीख दिलीय. या दवाखान्यात असं ऑपरेशन आजवर कुणाचंच झालेलं नाही. दोन टेबलं लावणार, एकावर छकुली, दुसऱ्यावर दादा, मधे नळी. तिचं हृदय उघडं असेल तोवर दादाचंच हृदय दोघांचं रक्त खेळवणार. माझं नि ह्यांचं रक्त जुळलं नाही, मामाचं जुळलं. दादा म्हणतो, भाचीला हृदय भाड्याने देतोय, परत पाहिजे. मी हसले नि मग रडतच बसले. त्या सकाळी दादा नि छकुली दोघांनी उपाशी राहायचंय.

माया आहेच, ती असू दे.
तुझी धाकटी

ता. ६

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या मास्तरीणबाईंचं, बोल माझे. दादावर नजर ठेव. तापातसुद्धा चहाच मागायचा मेला! छकुलीचा लाल स्वेटर होत आलाय, बाह्या राहिल्यात. घरी आली की माप घेते. रडू नकोस गं.

तुझी आई

ता. १२

ती. आईस,
शि. सा. न.

आई, आपली छकुली गेली. लिहायला हातच होत नव्हता. भोक नीट शिवलं होतं. पण नळी काढल्यावर तिचं हृदय आपलं आपण चाललंच नाही.

काल दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, त्या सकाळी जिन्यात लपून अर्धा कप चहा प्यालो, तो तिच्या अंगात गेला, मीच मारलं तिला. मी पळत डॉक्टरांकडे गेले. त्यांचेच डोळे सुजलेले. म्हणाले, दादाला उपाशी ठेवलं ते त्याच्यासाठीच, भुलीत उलटी होऊन त्याचा श्वास अडकू नये म्हणून. छकुलीचा त्या चहाशी काही संबंध नाही. तिचं हृदयच थकलं होतं. सांगायला परत आले तर खाट रिकामी. टाके ओले असताना निघून गेला. त्याच्या कामाच्या गॅरेजवर आहे, पण माझा फोन म्हटला की घेत नाही.

स्वेटर उसवू नकोस आई.

मास्तरीणबाई, नाहीतर जे कुणी हे वाचत असाल, आईला रडू द्या, पण आधी गॅरेजवर फोन लावा. तो फोनवर येईपर्यंत माझं नाव सांगू नका. चहाचं डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. आणि सांगा, मी काचेतून पाहिलं, नळी होती तोवर छकुलीचे निळे ओठ गुलाबी झाले होते. जन्मात पहिल्यांदा. ते त्याच्यामुळे. एवढं माझ्या भावाला फोनवर सांगा.