गिरणीचा उतार

सिस्टर, तुमच्या गावी जाण्यासाठी काढलेलं विमानाचं तिकीट साथीमुळे रद्द झालं. निवृत्त झाल्यावर काढलं होतं. त्याआधी तीस वर्षं मी इथे आर्नहेममध्ये, समुद्र ओलांडला की तुमचं स्कॉटलंड, आणि मला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे तर सगळं बंद. सुपरमार्केटात दोन लिंबं घ्यायची तरी ढकलगाडी सक्तीची, आत किती माणसं आहेत ते मोजायला. काल त्यावरून दारावरच्या माणसाशी भांडले. मुलगी आइंडहोवनहून फोनवर म्हणाली, "आई, भांडत बसण्यापेक्षा सिस्टरांचं गाव कॉम्प्युटरवर बघ ना." बघितलं. न बघते तर बरं झालं असतं.

नववीचा भूगोलाचा तास. तुम्ही फळ्यावर तुमच्या गावाचा नकाशा काढता आहात. चर्च, शाळा, खडकाळ माळ, कोल्ह्याचा ओढा, गिरणीचा उतार. आम्ही मुली घोकतो आहोत. मी उठते. "सिस्टर, हे परीक्षेला येणार आहे का?" "नाही. तुझ्या वडिलांच्या शेतांना नावं आहेत?" "असतील." "असतील? रोज जेवतेस ते कुठल्या शेतातलं, ठाऊक नाही? सोमवारी नकाशा घेऊन ये. तोवर बाकावर उभी राहा." सोमवारी माझी सात शेतं तुम्ही तुमच्या गावाशेजारी फळ्यावर काढलीत आणि सगळ्या वर्गाकडून पाठ करून घेतलीत. "मैनेची पट्टी," तुम्ही दोनदा म्हणालात. "किती सुंदर नाव!"

मी इथे आले तेव्हा तुमचं पत्र आलं. "आता तू जवळ आहेस. माझं परत जाणं काही होणार नाही. गिरणीच्या उतारावर काय उरलं आहे, ते बघून लिही." मी गेले नाही. दोन महिन्यांनी लाज वाटली म्हणून लिहून टाकलं, जाऊन आले, गिरणी उभी आहे, चाक फिरतं आहे, पाणी भरपूर आहे. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "तुझं अक्षर सुधारलं आहे." वर्षभरात तुम्ही गेलात.

तुमच्या गावकऱ्यांनी जुन्या इमारतींची आणि जागांच्या नावांची यादी केली आहे. गिरणी पुरात वाहून गेली, तुमच्या जन्माच्याही आधी. उतारावर नुसतं नाव राहिलं. तिच्या जात्याचा दगड शाळेच्या भिंतीत बसवलेला आहे, त्याचा फोटोही आहे. गोल, खाचा पडलेला. लहानपणी शाळेच्या भिंतीतल्या ज्या गोल दगडावर पाटीवरच्या पेन्सिलीला टोक करत होतात म्हणून सांगायचात, तोच हा. म्हणजे माझं ते फिरणारं चाक वाचताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं! शाईच्या एका डागासाठी हातावर पट्टी मारणाऱ्या तुम्ही, तेव्हाच नेमक्या गप्प का बसलात? दोन कडक ओळी लिहायच्या होत्या. मी मिळेल त्या बोटीने गेले असते. उतारावर खरोखर काय उरलं आहे, ते तुम्हाला कळलं असतं. ते न कळताच तुम्ही गेलात, आणि सांगणारी मी होते.

हे पत्र नकाशांच्या जुन्या वहीत ठेवून देते आहे. तिच्यात माझी सात शेतं अजून आहेत. वडिलांनी मला सहाच नावं सांगितली होती. सातव्या तुकड्याला नावच नव्हतं. मैनेची पट्टी मी रविवारी संध्याकाळी मनाने रचली.