मर्सी टॅपलीला बदली हवी

३ सप्टेंबर
पोचले एकदाची मेन राज्यात. टॅपली हाऊस फोटोत होतं त्याहून देखणं आहे. पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, काळ्या झडपा, खिडकीतून थेट समुद्र. गावाच्या जतन मंडळाने घर जीव लावून राखलंय. मागच्या दोन खोल्या मला राहायला, आणि दहा ते चार पाहुण्यांना घर दाखवायचं.
माझा नवरा लॉइड नऊ वर्षं अंथरुणाला खिळला होता. त्याला जाऊन चार महिने झाले, तरी दर दोन तासांनी जाग येते. इथे कुणी हाक मारणार नाही, हेच केवढं सुख!
डेल्मर म्हणून सत्तरीचा सुतार आहे, जुन्या खिडक्या दुरुस्त करतो. वरच्या खोलीच्या दारात पाहुण्यांना अडवायला दोरी लावली आहे. त्याने बजावलं, दोरीपलीकडे फक्त धूळ जाते आणि तो जातो.

६ सप्टेंबर
माहिती पाठ झाली. कॅप्टन एलायजा टॅपली डोलकाठीवरून पडून लुळा झाला. चौदा वर्षं वरच्या खोलीत. बायको मर्सी उशाशी. शेवटी तीच आधी गेली, खुर्चीत बसल्या बसल्या.
हे सांगताना माझा आवाज दरवेळी खाली येतो.

९ सप्टेंबर
ओहायोच्या एका जोडप्याने जाताना कौतुक केलं. वर तपकिरी झग्यात बसवलेली बाई काय सुरेख काम करते, म्हणाले. आम्ही कुणालाच बसवलेलं नाही. वर जाऊन पाहिलं. दोरी जागच्या जागी, खुर्ची रिकामी, पलंग सपाट.

१३ सप्टेंबर
आणखी तिघांना दिसली. एका शिक्षिकेला तर तिने हळूच विचारलं म्हणे, बदली आली का?
डेल्मरला सांगितलं. तो हसला नाही. माझ्याआधीची आर्डिथ जूनमध्ये हेच सांगत होती. एका दुपारी अर्धं सँडविच टाकून बहिणीकडे निघून गेली. तो म्हणाला, “बाई, तुम्ही दमलेल्या दिसता. वरच्या त्या बाईलाही तेच दिसतंय. गाडी बाहेर उभी आहे, चला.”
कुठे चला? घर विकलं. पुन्हा पेट्या भरायचं त्राण नाही. उद्या बघू म्हटलं.

१७ सप्टेंबर
जिना चढताना दोनदा बसले. आज कुणी वरच्या बाईबद्दल बोललं नाही. एका लहान मुलीने मात्र विचारलं, तुमच्यामागे कोण उभं आहे?
मागे वळले नाही. मान वळवायचाही कंटाळा आला.

१९ सप्टेंबर
सकाळचे अकरा. लख्ख ऊन. ती खोलीच्या दारात होती, दोरीचा आकडा काढून.
भीती वाटली नाही, हेच भयंकर. डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. एवढंच म्हणाली, “जरा वेळ बसशील? मी लगेच येते.”
नऊ वर्षं हेच मी शेजारणींना विचारत होते. एकही हो म्हणाली नाही.
बसले.

२० सप्टेंबर?
ती आली नाही. दोरी पुन्हा लावलेली आहे. उठायला जाते, गुडघे ऐकत नाहीत. वही मांडीवर आहे, तेवढं बरं.
पाहुणे आले. मी ओरडले, डेल्मरला बोलवा, मला उठवा — एक जण म्हणाला, काय हुबेहूब. टाळ्या वाजवल्या.
अंगावरचा झगा माझा नाही.

नंतर
डेल्मर आला. खालपासून माझ्या नावाने हाका मारत. दोरीशी थांबला, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली. चेहरा पांढरा.
म्हणाला, “मर्सी, तिला सोड. तिने खूप केलंय.”
मी व्हर्ना आहे, डेल्मर. मी — म्हटलं मी. ओठ हलले फक्त.
तो रडत खाली गेला. गाडी सुरू झाल्याचा —

ऊन आहे
पलंग सपाट नाही.
गोधडी छातीपाशी वर होते, खाली होते. मी तिकडे बघत नाही. लिहीत राहायचं. लिहीत —
पलंगावरून त्याने विचारलं, आलीस का. खुर्ची जवळ घे म्हणाला.
पाय हलत नव्हते माझे. आता हलले. मी खुर्ची जवळ घेतली. त्याचा हात गोधडीखालून