हलगीवरचा हात

बारामती, शुक्रवार, दिवेलागण

बाजारतळ गावाबाहेर हलवायचा ठराव म्युनिसिपालटीत आज पास होणारच होता, तेवढ्यात माळवं विकणारी हौसाबाई दारात उभी राहिली.

"आमाला कुठं दवंडी ऐकू आली?"

अध्यक्षांनी दप्तर दाखवलं. साऱ्या गावात दवंडी दिली, असं त्यात लिहिलेलं.

ती दाराशी हलगी घेऊन बसलेल्या दवंडीवाल्या धोंडिबाकडं वळली. "हलगीवर हात ठेवून सांग, आमच्या आळीत आलतास?"

नोकरी जाईल, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं हात ठेवला. "न्हाय, आक्का. तिकडं जाऊ नगं म्हनले."

ठराव तहकूब झाला. तो हात काही डोळ्यांपुढून जात नाही. दप्तरातलं ते वाक्य मी लिहिलंय, सांगितलं तसं, कारकून म्हणून. मला कुणी शपथ घातली नाही. घातली असती, तर मी हात कशावर ठेवला असता?