आरामाच्या खोलीबाहेरची रांग

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. शाळेत ड्रिलच्या तासाला सिस्टर मला मैदानाकडेच्या बाकावर बसवत आणि वर्गातल्या सगळ्या मुलींच्या रिबिनी माझ्या मांडीवर ठेवत, आठवतं? (पायात आधाराचा कॅलिपर, तेव्हा मुलगी काहीतरी सांभाळायच्याच कामाची.) तू मधेच धावत येऊन स्वतःची रिबीन ओढून न्यायचीस आणि बाकीच्यांचा गुंता करून जायचीस. परवा उगाच आठवलं. तुझी कंबर कशी आहे? मेहुणे अजून उभ्यानेच चहा पितात का?

तुझी लेक मजेत आहे. "नोकरीचं खूळ डोक्यातून काढ तिच्या, तुझ्या ऑफिसातले हाल बघू दे एकदा," असं बजावून तू तिला महिनाभरासाठी माझ्याकडे धाडलंस. ते काम मी मनापासून करते आहे. हालांना तोटा नाही.

तर, दिव्यांग महिलांच्या नोकरीचं नवं धोरण आलं. आमचे साहेब सज्जन, त्यामुळे त्यांनी ते वाचलं आणि मनावरही घेतलं. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात अशी बाई मी एकटीच, म्हणून अख्खं धोरण माझ्याच अंगावर आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या तक्रार विभागातून उचलून मला तळमजल्यावर स्वतंत्र खोली दिली. दारावर पाटी, आत सोफा, आरसा, प्लॅस्टिकची फुलं. काम तेवढं वरच राहिलं. "ताई, आता तुम्ही फक्त आराम करायचा!" पाहुणे आले की त्यांना आधी नवी टाकी दाखवत, मग मला.

लेकीला बरोबर नेलं ते हेच हाल दाखवायला. सोफ्यामुळे तिची चाकाची खुर्ची आत मावेना, म्हणून ती दारातच थांबली, आणि तिथेच घोटाळा झाला. सरकारी दारात कुणी बसलेलं दिसलं की लोक गाऱ्हाणं सांगणारच. जिना बघून थबकलेले एक आजोबा हिच्याकडे वळले. त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. हिने मला सांगितलं, मी वर फोन लावला (शोभेला ठेवलेला फोन चक्क चालू निघाला) आणि वरून फिटर रवाना झाला. दुसऱ्या दिवशी दाराशी ही रांग! बिलवाले भिंतीकडे, नळवाले खिडकीकडे, असं ही हात दाखवून लोकांना लावत होती. आवाज तुझाच, ठणठणीत.

गलका ऐकून साहेब खाली आले आणि थेट आत घुसू लागले.

"ओ काका, मागे या! आजी केव्हाच्या उभ्या आहेत!"

मला घाम फुटला. पण साहेब मागे गेले गं! पुढच्या आजींनी त्यांना सल्लाही दिला, "वर जाऊ नका हो, वर कुणी ऐकत नाही."

नंबर लागल्यावर साहेब कुरकुरले, की धोरणातली एक जागा कधीची रिकामी पडली आहे, पात्र उमेदवार येतच नाहीत.

"अर्ज कुठे द्यायचा?" हिने विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर."

"आणि लिफ्ट?"

साहेबांनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग तिच्या चाकांकडे.

"मग तुमची तक्रार बिलवाल्यांत घेऊ की नळवाल्यांत?" कार्टी म्हणते कशी!

तेव्हा बघ, असली ही नोकरी. दिवसभर वैतागलेली माणसं, बोलून बोलून घशाला कोरड, डबा खायला फुरसत नाही. मी रोज संध्याकाळी तिला समजावते. ती मान डोलावते आणि गाढ झोपते. (घरी तिला झोप लागत नाही, असं तूच सांगत होतीस ना?)

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर अर्जाचं टेबल खाली आलं. रीतसर मुलाखती झाल्या, आणखीही मुली आल्या होत्या. निवड हिची झाली. सोमवारी रुजू व्हायचं आहे. समजावण्यात मी कमी पडले म्हण. पण ही म्हणते, आईने हो म्हटल्याशिवाय जाणार नाही. तर बाई, हो म्हण. फोनवर म्हण, आणि तिलाच म्हण, मला नको.

आणखी एक ता. क. तू हो म्हणशील हे धरून सांगते. तिचे सुती कपडे आणि उशी इकडे पाठव. पुस्तकांचं कपाट मेहुण्यांना, आतली पुस्तकं मात्र इकडे. रंगांची पेटी शेजारच्या मुलीला दे, ती कधीची डोळा ठेवून आहे. आणि पोरीचा वेळ जावा म्हणून तू आणलेली भरतकामाची चौकट कुणालाच देऊ नकोस. सुरुवातीच्या काही दुपारी ती तुलाच लागेल.