बिनदुधाचा चहा

४ फेब्रुवारी

चहाची पत्ती पुन्हा संपली! घरात माणसं दोन — मी आणि भाची. मी दोनदा घेते, ती चहाला शिवत नाही, बाळासारखी दूध पिते. मग पत्ती काय झुरळं खातात?

७ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठलं. "तुमची भाची म्हणे अख्खी बाटली रिचवते आणि तरी स्वतःच्या पायांनी घरी येते! कॉलेजात 'टाकी' म्हणतात तिला. माझ्या पुतण्यानं स्वतः पाहिलंय." चेहरा काळजीचा, जीभ मात्र नुसती लवलवत होती.

मी म्हटलं, "पुतण्या तिथं काय अभ्यासाला बसला होता?"

वर आले आणि आधी दार लावून घेतलं. टाकी! बहिणीनं माझ्या भरवशावर पोरगी पाठवलीय. घरी हिला 'मुकी' म्हणायचे — पाहुणे आले की दाराआड. तीच ही?

८ फेब्रुवारी

संध्याकाळी आली ती झुलत, जीभ अडखळत; जिन्यात तो पुतण्या बघत उभा. मी आरडाओरडा केला नाही. ऐकत राहिले. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. प्यायलेली माणसं काय कमी ऐकलीत? खरा प्यायलेला माणूस एकेक शब्द जपून ठेवतो, काचेचं भांडं ठेवावं तसा. ही तर मुद्दाम भांडी फोडत होती!

बॅग हिसकावली. बाटली निघाली, तळाशी घोटभर शिल्लक. वास घेतला. चाखलंसुद्धा — आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर गुडघ्यांवर उभं केलं असतं!

चहा. गार, बिनदुधाचा, बिनसाखरेचा.

मी पोट धरून हसले. ती रडायला लागली.

९ फेब्रुवारी

सकाळी सगळं बोलली. गेल्या वर्षी कुणाच्या तरी खोलीवर पार्टी होती. हिला दारूच्या वासानंच मळमळतं, म्हणून बाटलीत चहा भरून नेला आणि कोपऱ्यात बसून प्यायली. पोरांना वाटलं, पाणीसुद्धा न घालता पितेय! टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "टाकी!"

"दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्यासाठी जागा धरली होती, मावशी. पहिल्यांदाच."

"मग आता खरं सांगून टाक. जागा काय पळून जाणार आहे?"

"सांगितलं की मी परत मुकी. तुला नाही कळायचं. तू तोंड घेऊनच जन्माला आलीस."

म्हटलं, बरं, नाही सांगत कुणाला. पत्ती मात्र तू आणायची.

१६ फेब्रुवारी

तिची मैत्रीण आली होती. केस असे की कंगव्याशी सात जन्मांचं वैर — मी मनातल्या मनात झिपरी म्हणते. पण पोरगी लाघवी. आणि माझी भाची बोलत होती! प्राध्यापकांच्या नकला काय, टोमणे काय. या घरात तिचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

झिपरी म्हणाली, "मावशी, टाकी म्हणजे आमची शान! वर्षाच्या शेवटच्या सहलीला हिच्यावर सीलबंद बाटलीची पैज लागलीय. सगळे वाट बघतायत."

भाचीनं हसता हसता मान फिरवली. मला ते आवडलं नाही. पोरं अस्वल नाचवायला निघालीत, आणि अस्वलाला वाटतंय आपला सत्कार आहे.

२० फेब्रुवारी

बहिणीचा फोन. तिच्या कानावर गेलंच! "ताई, तुझ्या घरात राहून हे? आम्हाला जन्मभर शिस्त शिकवलीस ना?" मी खरं ते सांगितलं. तर म्हणते, "हो, चहाच असणार. सगळ्यांचा चहाच असतो."

अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

२१ फेब्रुवारी

जिन्यात खालच्या बाई, त्यांचा पुतण्या, झिपरी आणि आणखी दोघं. बाई म्हणाल्या, "या! टाकीच्या मावशी!" सगळे फिदीफिदी.

मग माझ्या जिभेचा पट्टा सुटला. "अरे गाढवांनो, वर्षभर चहा बघून टाळ्या पिटताय! त्या बाटलीत बिनदुधाचा चहा असतो. पोरगी दारूच्या थेंबाला शिवलेली नाही. वासानं मळमळतं तिला!"

बाईंचं तोंड एवढंसं झालं. मला कोण आनंद! मग पाहिलं — भाची खालच्या पायरीवर उभी. हातात भाजीची पिशवी. सगळे वळून तिच्याकडे बघत होते. पुतण्यानं हळूच शीळ घातली.

ती वर आली. भाजी ओट्यावर ठेवली. निवडायला बसली.

२४ फेब्रुवारी

झिपरी फिरकलेली नाही. फोन वाजत नाही. कॉलेजात हिला आता 'किटली' म्हणतात, एवढं एकदाच सांगितलं.

मी म्हटलं, "सुंठीवाचून खोकला गेला."

"हो, मावशी."

मुकाट जेवते, मुकाट झोपते. मी जिंकलेय. मग घर असं का वाटतंय, कुणी उठून गेल्यासारखं?

२७ फेब्रुवारी

आपण होऊन म्हणाली, "उद्या सहलीला जाऊ?" मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, "जा की! आता लपवायचं काही उरलं नाही. डबा देऊ?"

"नको. रिकाम्या पोटी बरं."

गाडी लागते तिला. कपड्यांना मीच इस्त्री करून ठेवली.

२८ फेब्रुवारी

दुपारी झिपरीचा फोन. मागे हसणं, गाणी. "मावशी, खोटं बोललात तुम्ही! आमच्यासमोर सील फोडून अख्खी बाटली प्यायली, थांबलीसुद्धा नाही. टाकी ती टाकीच! आता झोपलीय. ओठ जरा निळे दिसतायत, पण हिला काय होतंय?"

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. डॉक्टरांनी विचारलं, सवय किती आहे? पोरं एका सुरात म्हणाली, "खूप!" मी ओरडून सांगितलं — आज पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा! डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि पोरांचं लिहून घेतलं.