सोळा घरांच्या यकृताची वाटणी

झालेली हकिकत अशी:

१. १९ एप्रिल २०१७. माझे मामा चंद्रकांत खानझोडे, वय ६९, राहणार हॅमिल्टन, यांचे यकृत निकामी होत असल्याचे निदान झाले. मामा दारू पीत नाहीत.

२. ६ जून. मामांचा मुलगा परीक्षित आणि मी, दोघांनी रक्तगट तपासला. त्याचा जुळला नाही. माझा जुळला.

३. २४ ऑगस्ट. स्कॅनमध्ये माझे यकृत दानास योग्य ठरले. अहवालाचा फोटो मी त्याच दुपारी मामींना पाठवला. त्यांनी विचारले होते.

४. २६ ऑगस्ट. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मामींनी माइकवरून जाहीर केले की गौरांगी मामाला यकृत देणार आहे. शाल, श्रीफळ, टाळ्या. मला आधी सांगितले नव्हते.

५. शस्त्रक्रिया सोमवार, ६ नोव्हेंबरला ठरली आहे. संमतिपत्रावर माझी सही ३० ऑक्टोबरला व्हायची आहे.

६. आजपर्यंत मी कोणालाही "हो" म्हटलेले नाही.

मी, गौरांगी अरविंद भुसारी, वय २९, मूळ नागपूरची, सध्या हॅमिल्टन, ओंटारिओ येथे राहणारी, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी जाग्यावर आहे, अंगात ताप नाही आणि शेजारी बसून कोणी मजकूर सांगत नाही. वकिलाच्या नमुन्यात "स्वखुशीने" असा शब्द आहे. हा कागद मी स्वखुशीने लिहीत आहे. शस्त्रक्रियेबद्दल तो शब्द मी वापरलेला नाही. याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही.

माझा एका बेडरूमचा कॉन्डो आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी आई जयंती भुसारी हिला मिळावी. आईने कॉन्डो विकावा. इथे येऊन राहू नये. तिला थंडी सोसत नाही, आणि माझ्या खोलीत बसून ती माझ्या कपड्यांच्या पुन्हापुन्हा घड्या घालेल.

ओतीव धातूच्या भागांचे एक्स-रे काढून आतल्या पोकळ्या शोधणे हे माझे काम. त्यासाठी मी स्वतःची मोजमापाची अवजारे ठेवते. मायक्रोमीटर माझा सहकारी ऋषी याला हवा होता. तो या कागदावर साक्षीदार आहे, त्यामुळे त्याला काही देता येत नाही. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग दुसरा साक्षीदार शोध ना!" शोधला नाही. अवजारे मी शिकले त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला द्यावीत.

कांस्याचे यकृत. हा जिन्नस समजावून सांगावा लागेल. मामा पोलाद कारखान्यात धातुतज्ज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांना रोमच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या कांस्याचा नाद लागला आणि कांस्यातून त्यांच्या देवांचा. १८७७ साली इटलीतल्या एका शेतात नांगराला कांस्याचे यकृत लागले. हे लोक मेंढीचा बळी देऊन तिचे यकृत तळहातावर घेत आणि त्यावर देवांचे मत वाचत. हा बहुधा शिकाऊ पुरोहितांसाठी केलेला नमुना. कडेने सोळा घरे, म्हणजे आकाशाचे सोळा भाग, आणि घराघरात देवांची नावे: वीज टाकणारा तिनिया, त्याची बायको उनी, पाण्याचा नेथुन्स, द्राक्षवेलींचा फुफ्लुन्स. पालथ्या बाजूला सूर्य आणि चंद्र. मामांनी फोटोंवरून साचा करून गॅरेजमध्ये त्याची प्रत ओतली आणि मला पहिली नोकरी लागली तेव्हा दिली. मी ती कामावर नेऊन एक्स-रेखाली धरली. आत दोन पोकळ्या निघाल्या, मोठी चार मिलिमीटरची. मामांना सांगितले तर म्हणाले, "गौरा, देवांना सांगू नकोस."

हे यकृत परीक्षितची मुलगी केया हिला द्यावे. मंडळाच्या बक्षिसांच्या कपाटात ते कधीही ठेवू नये. माझे यकृत सर्जन आठ भागांत मोजतात. त्यांतले चार, वजनाने एकसष्ट टक्के, मामांकडे जायचे आहेत. दात्याच्या मृत्यूची शक्यता मला तीनशेत एक अशी सांगितली आहे. माझ्या कामात तुटण्याची इतकी शक्यता असलेला भाग आम्ही बाजूला काढून ठेवतो.

मंडळाने दिलेली शाल मामी अरुणा खानझोडे यांना परत द्यावी. त्या दिवसानंतर तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. नारळाची मी चटणी केली.

मामींवर माझा राग आहे आणि तो इथे नोंदवते. त्या दिवशी मंचावरून उतरल्यावर मी त्यांना बाजूला नेले. "मामी, मी अजून ठरवलं नव्हतं."

"अगं, ठरवायचं काय त्यात? शिकायला आलीस तेव्हा दोन वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये होतीस, तेव्हा मी काही ठरवत बसले होते का?"

परीक्षित मागून आला. "गौरा, यू आर अ लाइफसेव्हर. लिटरली!"

"आधी फोटो काढ," मामी म्हणाल्या. "शाल नीट घे गं खांद्यावर."

त्या बेसमेंटमध्ये मी सुखात होते हेही नोंदवते. मामी रोज रात्री माझे ताट झाकून ठेवत. म्हणूनच मी शाल खांद्यावर नीट घेतली आणि फोटो काढू दिला.

हॉस्पिटलने दात्यासाठी वेगळी सल्लागार नेमली आहे. तिने सांगितले की मी कधीही माघार घेऊ शकते आणि घरच्यांना फक्त "दाता योग्य नाही" एवढेच कळवले जाईल. एट्रुस्कन थडग्यांत मागच्या भिंतीवर दार रंगवलेले असते. चौकट, फळ्या, खिळ्यांची डोकी, सगळे जागच्या जागी. ते उघडत नाही. मी योग्य असल्याचा अहवाल मामींच्या फोनमध्ये आहे, तिथून तो चाळीस घरांत गेला आहे. म्हणजे माझे दार मीच रंगवले. अचूक उत्तर देण्याची सवय.

तिनियाकडे तीन विजा होत्या. पहिली तो स्वतःच्या मर्जीने टाकी. तिने फक्त ताकीद मिळे. दुसरीसाठी बारा देवांना विचारावे लागे. तिसरी, सगळे उद्ध्वस्त करणारी, टाकायला झाकलेल्या देवांची संमती लागे. ते किती, त्यांची नावे काय, हे कोणालाच माहीत नव्हते. हल्ली ग्रोसरीत आणि देवळाच्या पार्किंगमध्ये अनोळखी बायका माझा हात धरून "धन्य आहेस गं!" म्हणतात. त्यांची नावे मला माहीत नाहीत.

मी वाचले नाही तर विद्युतदाहिनी पुरे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर "त्याग" हा शब्द कोणी वापरू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलाने करावी.

आम्हा दोघांच्या समोर गौरांगी भुसारी यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

सही: गौरांगी अरविंद भुसारी
साक्षीदार: लता वैरागडे (शेजारी)
साक्षीदार: ऋषी कानफाडे (सहकारी, मायक्रोमीटर न मिळालेला)
हॅमिल्टन, ओंटारिओ. रविवार, ८ ऑक्टोबर २०१७.

सोबत, मामांसाठी. ही प्रत आज तुमच्या हातात देत आहे.

मामा, एट्रुस्कनांच्या नियतीच्या ग्रंथांबद्दल मला तुम्हीच सांगितले होते. सत्तरीपर्यंत देवांकडे मुदत वाढवून मागता येते, नंतर मागू नये. २९ नोव्हेंबरला तुम्ही सत्तर पूर्ण कराल. पण तुम्ही माझ्याकडे मागितलेलेच नाही. मामींनी मागितले, परीक्षितने मागितले, मंडळाने टाळ्या वाजवल्या. गेल्या महिन्यात जेवताना मी सरळ विचारले, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "अरुणा, ताक आहे का गं?"

तुम्हाला जगायचे आहे हे मला दिसते. मला भीती वाटते हे तुम्हालाही दिसत असावे. तुम्ही स्वतःच्या तोंडाने "दे" म्हणालात तर मी देईन, आणि पुढे कधी हा विषय काढणार नाही. "नको" म्हणालात तर देणार नाही, आणि मंडळाला ते तुम्ही सांगायचे. तुमच्या वतीने मामी बोलल्या तर ते उत्तर धरणार नाही. काहीच आले नाही तर सोमवार, २३ तारखेला सकाळी नऊ वाजता मी हॉस्पिटलला फोन करून माझे नाव काढून घेईन.

कृपया शुक्रवार, २० ऑक्टोबर २०१७, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावे.